होडी, लाँच, विमान: सातारा-सांगलीच्या लहानग्यांना पाण्यावरची आणि हवेतली वाहतूक शिकवायची कशी?

अंगणवाडीच्या किंवा बालवाडीच्या भिंतीवर एक तक्ता हमखास असतो. 'वाहतुकीची साधने'. वरच्या रांगेत बस, रेल्वे, बैलगाडी. मधल्या रांगेत होडी, जहाज, पाणबुडी. खालच्या रांगेत विमान, हेलिकॉप्टर, रॉकेट. बाई छडीने चित्र दाखवतात, मुलं एका सुरात नाव सांगतात. पाच मिनिटांत धडा संपतो.

आता दुसरं चित्र बघा. सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यात खिरखंडी नावाचं छोटं गाव आहे, कोयनेच्या पाण्याकाठी. इथल्या मुली शाळेत जाण्यासाठी स्वतः होडी वल्हवत जलाशय पार करायच्या आणि पुढे जंगलातून चालत अंधारीची शाळा गाठायच्या. ही बातमी छापून आली आणि जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिची स्वतःहून दखल घेतली. राज्य सरकारला या मुलींच्या सुरक्षित प्रवासाबद्दल विचारणा झाली.

म्हणजे तक्त्यावरची होडी काही मुलांसाठी चित्र आहे आणि काही मुलांसाठी रोजचा रस्ता. मग हा धडा पाच मिनिटांत संपवून कसं चालेल?

तुमच्या घरात ३ ते ८ वर्षांचं मूल असेल, किंवा तुम्ही अंगणवाडीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत असाल, तर हा लेख तुमच्यासाठी. पाण्यावरची आणि हवेतली वाहतूक मुलांना आपल्याच जिल्ह्यातल्या उदाहरणांवरून कशी समजावायची, घरातल्या वाटी-चमच्याने कोणते प्रयोग करायचे आणि या धड्यातला सगळ्यात महत्त्वाचा, पण बहुतेक वेळा राहून जाणारा भाग कोणता, ते बघूया.

तक्ता कुठे कमी पडतो?

तक्ता वाईट नाही. चित्र बघून नाव सांगणं ही पहिली पायरी आहेच. अडचण ही की आपण तिथेच थांबतो.

लहान मूल शब्द पटकन पाठ करतं. 'जहाज' म्हणता येतं म्हणून जहाज कळलं, असं आपण धरून चालतो. पण "एवढं मोठं लोखंडी जहाज बुडत का नाही?" असा प्रश्न त्याच्या डोक्यात येतो तेव्हा तक्ता गप्प असतो. "आपल्या गावात कुठलं साधन आहे?" या प्रश्नावरही तो गप्पच.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर ऑक्टोबर २०२२ मध्ये पायाभूत स्तरासाठी राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. ३ ते ८ हा वयोगट तो एकच टप्पा मानतो आणि खेळ, गोष्टी, हाताने करून बघणं आणि अवतीभवतीचं जग यांवर भर देतो. आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडमध्ये आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या तेव्हा महागड्या साहित्याऐवजी खडे, पानं, बिया, शिंपले वापरले. पुढे बालभारतीने तिसरीच्या परिसर अभ्यासाची जिल्हानिहाय पुस्तकं काढली, त्यामागेही हाच विचार होता: आधी आपला जिल्हा, मग जग.

तेव्हा सुरुवात आपल्या जिल्ह्यापासून.

सातारा: जिथे लाँच हीच एसटी

कोयना धरण पाटण तालुक्यात आहे. १९६० च्या दशकात ते पूर्ण झालं आणि मागे शिवसागर नावाचा लांबलचक जलाशय तयार झाला. पाणी पार महाबळेश्वरच्या पायथ्याशी, तापोळ्यापर्यंत पोहोचलं. अनेक गावं उठली. जी पलीकडच्या काठावर राहिली, त्यांचा रस्ता पाण्याखाली गेला.

पर्यटकांसाठी तापोळा आणि बामणोली म्हणजे बोटिंग. वासोटा किल्ल्यावर जाणारे ट्रेकर बामणोलीच्या बाजूने बोटीनेच पलीकडे जातात. पण कांदाटी खोऱ्यातल्या गावकऱ्यांसाठी हेच पाणी दवाखान्याचा, बाजाराचा आणि शाळेचा रस्ता आहे. इथे माणसांसाठी लाँच आहे आणि गाड्या नेण्यासाठी तराफा. मोटरसायकल आणि जीप तराफ्यावर चढते, तराफा पाणी कापत जातो आणि गाडी पलीकडे उतरते.

मुलांना हे सांगा आणि विचारा: "जीप पाण्यात चालते का? मग ती पलीकडे कशी गेली?" वाहन दुसऱ्या वाहनात बसून जातं, ही कल्पना पाच वर्षांच्या मुलाला भलतीच आवडते.

सांगली: नाव, काहील आणि सांगड

सांगलीत कृष्णा गावाला लागूनच वाहते. हरिपूरला वारणा तिला मिळते. पूल नव्हते तेव्हा नदी ओलांडायची म्हणजे नावाड्याला हाक मारायची. पावसाळ्यात नदीला पाणी आलं की होड्यांच्या शर्यती होतात आणि त्या बघायला काठावर गर्दी जमते. मूल सांगलीचं असेल तर वल्हं म्हणजे काय हे दाखवायला यापेक्षा चांगली जागा नाही.

या भागातली दोन साधनं कुठल्याच तक्त्यावर नसतात.

पहिलं साधन काहील. गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची ती भली मोठी लोखंडी कढई. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात पुराच्या वेळी हीच काहील पाण्यात सोडून माणसं ये-जा करताना दिसली आहेत. लोखंडाची असून ती तरंगते. पण तिला ना टोक, ना सुकाणू. धार लागली की गरगर फिरते. म्हणजे तरंगते ती प्रत्येक वस्तू बोट नसते, हेही काहील शिकवते.

दुसरं साधन सांगड. वाळलेले पोकळ भोपळे एकत्र बांधायचे आणि त्यांच्या आधाराने नदी पार करायची. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला भोपळा बांधल्याच्या आठवणी आजोबांच्या पिढीकडे हमखास निघतील. आपण 'दोन गोष्टींची सांगड घालणे' म्हणतो ना, ते याच तरंगत्या जोडणीच्या शब्दावरून. मुलांना भाषा आणि विज्ञान एकाच वेळी शिकवायची यापेक्षा सोपी संधी कुठली?

घरी आजी-आजोबा असतील तर मुलाला एक काम द्या: "आज्जी, पूल नव्हता तेव्हा तू नदी कशी ओलांडायचीस?" एवढंच विचारून यायचं.

प्रयोग १: वाटी तरंगते, चमचा बुडतो

एक परात घ्या, अर्धी पाण्याने भरा. स्टीलचा चमचा टाका. बुडाला. आता स्टीलची छोटी वाटी अलगद ठेवा. तरंगली.

मुलाला लगेच उत्तर देऊ नका. आधी विचारा, "दोन्ही स्टीलचेच. मग असं का?" काहीही उत्तर आलं तरी चालेल.

मग क्लेचा एक गोळा द्या. गोळा पाण्यात टाकला की बुडतो. त्याच गोळ्याची खोलगट वाटी करायला सांगा. आता तो तरंगतो. क्ले तेवढाच, वजन तेवढंच, बदलला तो फक्त आकार.

कारण सोप्या शब्दांत असं: वस्तू पाण्यात जाते तेव्हा स्वतःसाठी जागा करते, पाणी बाजूला सारते. जितकं पाणी बाजूला सरतं, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतक्या जोराने पाणी तिला वर ढकलतं. गोळा थोडंच पाणी सारतो. खोलगट वाटी जास्त सारते, कारण तिच्या पोटात हवा असते. जहाज म्हणजे अशीच एक अवाढव्य वाटी. हा नियम आर्किमिडीजच्या नावाने ओळखला जातो, पण पाच वर्षांच्या मुलाला नाव सांगायची घाई नको. "पाणी खालून ढकलतं" एवढं पुरे.

प्रयोग २: एक नाणं जास्त झालं तर?

सगळ्या लेखातला एकच प्रयोग करायचा असेल तर हा करा.

तरंगत्या वाटीत मुलाला एकेक नाणं ठेवायला सांगा आणि मोठ्याने मोजायला लावा. नाणी म्हणजे प्रवासी. वाटी हळूहळू खाली जाते. एक वेळ अशी येते की एकच नाणं जास्त होतं आणि वाटी बुडते. तो आकडा कागदावर लिहा. ती त्या वाटीची क्षमता.

आता पुन्हा सुरुवात करा. या वेळी क्षमतेपेक्षा बरीच कमी नाणी ठेवा, पण सगळी एकाच कडेला. वाटी कलंडते. नाणी कमी असूनही.

दोन गोष्टी मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या: बोटीत जास्त माणसं चढली तर ती बुडते आणि सगळे एका बाजूला सरकले तरी ती उलटते. हे वाक्य पाठ करून घेण्यापेक्षा नाण्यांनी शिकवलेलं कायम लक्षात राहतं. हे लक्षात राहणं का गरजेचं आहे, ते पुढे येईलच.

आता वर बघूया: आपल्याकडे हवेतलं काय आहे?

"आमच्याकडे कुठे विमानं?" असं वाटेल. पण यादी केली तर बरंच निघतं.

कराड: कराडजवळ कोयना प्रकल्पाच्या काळातली धावपट्टी आहे. तिच्या विस्ताराची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे आणि जमीन जाईल म्हणून शेतकऱ्यांनी विरोधही केला आहे. मोठ्या मुलांना विचारा: "विमानाला एवढी लांब जागा का लागते? आणि ती जागा कुणाची असते?"

कवलापूर: सांगलीजवळ कवलापूरला जुन्या धावपट्टीची जागा आहे आणि तिथे विमानतळ व्हावा ही मागणी जुनीच आहे. तोवर सांगलीकरांना जवळचा विमानतळ कोल्हापूरचा, उजळाईवाडीला. त्याची नवी टर्मिनल इमारत मार्च २०२४ मध्ये सुरू झाली.

पाचगणी: इथे पॅराग्लायडिंग चालतं. पॅराग्लायडरला इंजिन नसतं. कापडाच्या कप्प्यांत हवा भरते, त्याला पंखाचा आकार येतो आणि माणूस तरंगत खाली येतो.

हेलिकॉप्टर: माजी मुख्यमंत्री आणि शिवसेना नेते एकनाथ शिंदे यांचं दरे गाव तापोळ्याच्या भागातलंच. ते हेलिकॉप्टरने गावी आल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. ज्या खोऱ्यात लोक लाँचची वाट बघतात, त्याच खोऱ्यात हेलिकॉप्टरही उतरतं. मुलांसाठी पाण्यावरचं आणि हवेतलं असं दोन्ही एका फ्रेममध्ये.

ड्रोन: उसावर औषध फवारणारा ड्रोन आता दोन्ही जिल्ह्यांतल्या मुलांना ओळखीचा आहे. तो माणसं नेत नाही, पण औषधाची टाकी तर नेतो.

विमान उडतं कसं? एक चुकीचं उत्तर टाळा

आधी हवा 'आहे' हे पटवावं लागतं, कारण ती दिसत नाही. काचेच्या ग्लासच्या तळाशी कागदाचा बोळा घट्ट बसवा. ग्लास उलटा धरून सरळ पाण्यात बुडवा आणि तसाच सरळ वर काढा. कागद कोरडा. कारण ग्लासात आधीच हवा होती, तिने पाण्याला आत येऊ दिलं नाही.

मग टेबल फॅनसमोर मोठ्या माणसाने एक पुठ्ठा आडवा धरावा. आडवा असताना फारसं काही होत नाही. पुढची कड जराशी वर करा, पुठ्ठा हाताला वर उचलल्यासारखा वाटतो. मुलाला तो जोर हाताने जाणवू द्या, बोटं फॅनपासून लांब ठेवून.

मुलाला एवढं सांगा: पंख हवेला खाली ढकलतो, म्हणून हवा पंखाला वर ढकलते. त्यासाठी पंखावरून हवा जोरात वाहायला हवी, म्हणून विमान आधी धावपट्टीवर जोरात पळतं. हेलिकॉप्टर पळत नाही, त्याचे पंखच गरगर फिरतात. म्हणून त्याला धावपट्टी लागत नाही, छोटं हेलिपॅड पुरतं.

सोशल मीडियावरच्या व्हिडिओंत एक उत्तर फार फिरतं: 'पंखाच्या वरून जाणाऱ्या हवेला लांबचा रस्ता असतो. खालच्या हवेच्या बरोबर पोहोचण्यासाठी ती जोरात पळते, म्हणून विमान उडतं.' हे चुकीचं आहे. वरची आणि खालची हवा एकाच वेळी पलीकडे पोहोचली पाहिजे असा निसर्गाचा कुठलाही नियम नाही. वरची हवा खरंच वेगाने जाते, पण या कारणाने नाही.

आणखी एक दुरुस्ती. तक्त्यावर विमानाशेजारी रॉकेट असतं. पण रॉकेटला उडायला हवा लागत नाही, जिथे हवा नाही तिथेही ते जातं. त्यामुळे ते 'अवकाशातलं साधन' म्हणून वेगळं ठेवलेलं बरं.

मोठ्या मुलांना दोन तारखा गोष्टीसारख्या सांगता येतील. १७ डिसेंबर १९०३ ला अमेरिकेत राइट बंधूंचं विमान पहिल्यांदा उडालं, तेव्हा ते हवेत होतं फक्त १२ सेकंद. "एक ते बारा मोज, तेवढंच!" आणि १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून मुंबईला विमान चालवत आले. म्हणजे विमानाने आधी पत्रं आणली, प्रवाशांची गर्दी नंतर.

तासगावची द्राक्षं युरोपात कशी जातात?

वाहतूक म्हणजे फक्त माणसांची ये-जा नव्हे, हे समजावायला सांगलीकडे भारी उदाहरण आहे.

तासगाव भागातली द्राक्षं युरोपात जातात. बागेतून टेम्पोने पॅकहाऊस. तिथे थंड करून पेट्यांत भरली जातात. मग थंड कंटेनर ट्रकवर चढून जातो नवी मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरात, ज्याला आपण जेएनपीटी म्हणतो. तिथे क्रेन कंटेनर उचलून जहाजावर ठेवते आणि पुढे कित्येक आठवड्यांचा समुद्रप्रवास.

"विमानाने का नाही पाठवत? लवकर पोहोचतील की!" हा प्रश्न मुलं विचारतातच. उत्तर: विमान पटकन जातं, पण थोडंच सामान नेतं आणि महाग पडतं. जहाज हळू जातं, पण हजारो कंटेनर एकदम नेतं आणि स्वस्त पडतं. कंटेनर थंड असल्यामुळे द्राक्षं टिकतात.

याला जोडूनच एक ताजी गोष्ट. २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि अनेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. प्रवासाचे दिवस वाढले, भाडं वाढलं आणि त्याची झळ द्राक्ष निर्यातदारांना बसली. पृथ्वीगोल असेल तर दोन्ही रस्ते मुलाला बोटाने गिरवू द्या. शेतातल्या घडाचं नातं समुद्राशी आहे, हे एका मिनिटात कळतं.

कुठल्या वयाला काय?

३ ते ४ वर्षं: फक्त ओळख आणि खेळ. काय तरंगतं, काय बुडतं? कागदाची होडी, कागदाचं विमान. आवाज काढणं, हात पसरून विमान होणं. शब्द थोडेच, पण लिंगासकट: ती होडी, ती लाँच, तो तराफा, ते जहाज, ते विमान.

५ ते ६ वर्षं: वाटी-नाण्यांचा खेळ, क्लेची होडी. हातरुमालाच्या चार टोकांना दोरे बांधून खेळण्याचं पॅराशूट. 'कोणतं साधन कशासाठी?' असे प्रश्न: आजारी माणूस, द्राक्षाची पेटी, पत्र, जीप.

७ ते ८ वर्षं: नकाशा आणि मोजमाप. कोयना, कृष्णा, वारणा, कराड, कोल्हापूर, न्हावा शेवा नकाशावर शोधणं. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी हाही छान विषय आहे. तिथे ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी मानतात. २०१९ च्या पुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. "म्हणजे धोक्याच्या किती फूट वर?" गणितही झालं.

आता तो राहून जाणारा भाग: सुरक्षा

रस्त्यावरची वाहतूक शिकवताना आपण सिग्नल, झेब्रा क्रॉसिंग आणि हेल्मेट शिकवतो. पाण्यावरची वाहतूक शिकवताना मात्र लाइफ जॅकेटचं चित्रही नसतं.

८ ऑगस्ट २०१९ ची गोष्ट सांगलीत कुणी विसरलेलं नाही. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये पुरातून लोकांना बाहेर काढताना बोट उलटली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. डझनाहून जास्त लोक गेले, त्यात बायका आणि लहान मुलंही होती. जीव वाचवायला आलेली बोटच बुडाली.

ही एकटी घटना नाही. २१ मे २०२४ ला उजनी धरणात कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली आणि डझनाहून जास्त जीव गेले. त्यानंतर तिथल्या बोटींवर लाइफ जॅकेटची सक्ती कडक झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख लोक बुडून मरण पावले आणि त्यातला जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा होता.

लहान मुलांना या बातम्या सांगून घाबरवायचं नाही. त्यांना सवयी द्यायच्या. वाटी-नाण्यांचा प्रयोग झाला असेल तर कारण त्यांना आधीच माहीत आहे.

मुलांना शिकवायच्या सहा गोष्टी:

१. काठावर मोठ्या माणसाचा हात सोडायचा नाही. एकट्याने पाण्याजवळ जायचं नाही.
२. लाइफ जॅकेट बोटीत चढण्याआधी घालायचं, चढल्यावर नाही. सगळे पट्टे लावायचे.
३. बोटीत बसून राहायचं. उभं राहायचं नाही, कडेवरून वाकायचं नाही.
४. काहीतरी बघायला सगळ्यांनी एका बाजूला धावायचं नाही. कलंडलेली वाटी आठवा.
५. गर्दी दिसली तर पुढच्या फेरीने जायचं. "जागा नाही, आपण थांबूया" हे मुलानेही म्हणायला शिकावं.
६. कुणी बुडताना दिसलं तर स्वतः उडी मारायची नाही. ओरडायचं, मोठ्यांना बोलवायचं. दोरी, रिकामा कॅन किंवा झाकण लावलेली मोठी बाटली त्याच्याकडे फेकायची. ११२ हा नंबर पाठ हवा.

लाइफ जॅकेट काय करतं, हे दाखवायचा खेळही सोपा आहे. पाण्यात बुडणारी एखादी छोटी बाहुली घ्या. तिला झाकण घट्ट लावलेली रिकामी बाटली बांधा. आता ती वर राहते. हीच आजोबांची सांगड, हेच आजचं लाइफ जॅकेट.

मोठ्यांसाठी दोन सूचना. मुलांना मुलांच्याच मापाचं जॅकेट हवं. मोठ्यांचं जॅकेट त्यांच्या अंगातून वर सटकतं. आणि हवा भरायच्या रंगीत ट्यूब म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे, ती खेळणी आहेत. हे सगळे प्रयोग परातीत होत असले तरी मुलाला पाण्यापाशी एकटं सोडू नका. खेळ झाला की परात आणि बादली लगेच रिकामी करा. लहान मूल अगदी कमी पाण्यातही बुडू शकतं.

मुलं हमखास विचारतात असे प्रश्न

बोटीला ब्रेक असतो का?
गाडीसारखा नसतो. इंजिनाची बोट पंखा उलटा फिरवून वेग कमी करते, पण जागच्या जागी थांबत नाही. म्हणून बोट काठाला लागून बांधल्याशिवाय उठायचं नाही.

विमान हवेत थांबू शकतं का?
प्रवासी विमान नाही. पुढे जात राहिलं तरच पंखांना आधार मिळतो. हेलिकॉप्टर आणि ड्रोन मात्र एका जागी थांबू शकतात. म्हणून पुरात छपरावर अडकलेल्या माणसाला उचलायला हेलिकॉप्टर लागतं.

विमानाच्या मागे पांढरी रेषा कसली?
धूर नाही. विमान खूप उंचावर, साधारण १० किलोमीटर वर असतं. तिथे कडाक्याची थंडी असते. इंजिनातून निघालेली वाफ गोठते, तिचे बर्फाचे बारीक कण होतात. तो एक लांबट ढगच.

ढगात पायलटला रस्ता कसा दिसतो?
डोळ्यांनी नेहमी दिसत नाही. विमानातली यंत्रं त्याला दिशा आणि उंची सांगतात आणि जमिनीवरून हवाई वाहतूक नियंत्रक रेडिओवर सूचना देतात. आकाशातले ट्रॅफिक पोलीसच म्हणा.

जाता जाता

हा धडा शिकवायला ना महागडं किट लागतं, ना विमानाचं तिकीट. परात, वाटी, चमचा, नाणी, क्ले, पुठ्ठा आणि अर्धा तास. सातारा-सांगलीत राहत असाल तर बाकीचं साहित्य नदीने, धरणाने आणि डोंगराने आधीच देऊन ठेवलंय.

मात्र एक गोष्ट मोठ्यांनी विसरू नये. लाइफ जॅकेट घालायचं हे मुलाला शिकवता येतं. पण ते बोटीत ठेवायचं, पुरेशी बोट द्यायची, गर्दी झाली तर बोट सोडायची नाही, जिथे गरज आहे तिथे पूल बांधायचा, ही कामं मुलांची नाहीत. खिरखंडीच्या मुलींना वल्हवायला कुणी शिकवलं नसतं तरी त्या शिकल्या असत्या, कारण शाळा पलीकडे होती.

आज संध्याकाळी एक वाटी आणि मूठभर नाणी घेऊन बसा. किती नाण्यांवर वाटी बुडाली, तो आकडा मुलालाच लिहू द्या.